तेवढंच

विद्यापीठातून पत्र आलं: जुन्या प्रयोगांच्या वह्या
आम्ही संगणकावर चढवतो आहोत,
तुमचं पान पाहायचं असेल तर मंगळवारी या.
ओळखपत्र आणा.

तळघरात एका पोराने, कानात डूल, नाव तिमोते,
पिवळा कागद माझ्यापुढे सरकवला.
'मूल क्र. ३७. ओदील. वय पाच वर्षं, चार महिने.
वडील द्राक्षमळेवाले.
उंच पेल्यात पाणी जास्त आहे, असं म्हणते.
पायरी दुसरी.'

माझ्या बालपणाबद्दल शास्त्राला ठाऊक आहे ते एवढंच.

मला मात्र तो माणूस आठवतो.
कोटाच्या बाहीला खडू, श्वासाला बडीशेपेचा वास.
दोन बुटके पेले. दोन्हींत सारखं पाणी ना?
सारखं, मी म्हटलं.
मग त्याने एकातलं उंच, अरुंद पेल्यात ओतलं
(थेंबही न सांडता. आमच्या आईला कधी जमलं नाही)
आणि पुन्हा विचारलं,
आता?

आमच्या घरी एकच प्रश्न दोनदा आला
तर पहिलं उत्तर चुकलेलं असायचं.
हात धुतलेस? धुतले.
हात धुतलेस?
मग उठायचं आणि धुवायचे.

म्हणून मी उंच पेल्याकडे बोट केलं.
तो हसला, वहीत काहीतरी लिहिलं.
मला वाटलं, पास झाले.

तिमोते म्हणतो, पायऱ्या एकूण चार.
माझी भाची नर्सिंगच्या परीक्षेला आठ पाठ करत होती,
प्रत्येकीपुढे वय, बसच्या वेळापत्रकासारखं.
खाली येणाऱ्या बसचं कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

पायऱ्या मला कुणी शिकवाव्यात?
आमचा मळा सरोवराकडे उतरतो तो एकोणीस पायऱ्यांनी:
दगडी बांध, त्यावर हातभर माती, मातीत वेली.
वर्षभर माती एकेक पायरी खाली येते,
कुणाचं ऐकत नाही.
फेब्रुवारीत बाबा ती टोपलीत भरून
पाठीवरून पुन्हा वर न्यायचे.
सगळ्यात वरच्या पायरीवर
सगळ्यात तळची माती.

बाबा गेले तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची.
नोटरीबाईंनी टेबलावर नकाशा पसरला.
ब्लेझला लांब, उभी पट्टी, टेकडीवरच्या वाटेपासून निघालेली;
मला तिच्या पायथ्याचा रुंद, आखूड तुकडा.
चौरस मीटर मोजलेत, दोन्ही सारखे. पटतंय?
सारखे, मी म्हटलं.
चाळीस वर्षं घड्याळांची चाकं भिंगाखाली तपासली आहेत मी,
केसाएवढा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.
मग, पटतंय ना?

मी पुन्हा पाहिलं.
ती पट्टी किती लांब होती.
त्याला जास्त मिळालंय, मी म्हटलं,
आणि या वेळी हे उत्तर
कुणालाच नको होतं.

तीन वर्षं सख्ख्या भावाला पाण्यात पाहिलं मी.
पेला कुठला, ते पाहिलंच नाही.

वहीत दुरुस्ती करता येते का, मी विचारलं.
तिमोतेने नियमांचा कागद शोधला,
मग खांदे उडवले. पेन्सिलसुद्धा आत न्यायची नसते म्हणे.

बाहेर बसथांब्यावर गार वारा होता.
फोन ब्लेझनेच उचलला. खोकला अजून तोच, बाबांचा.
मी पेल्यांचं काही सांगितलं नाही.
तो म्हणाला, माझी माती घसरून
तुझ्या बांधापाशी साचली आहे,
यंदा ढीगच झालाय. माझी पाठ आता
पूर्वीची राहिलेली नाही.
फेब्रुवारीत येशील?

येते, मी म्हटलं.

पलीकडे शांतता. कुत्रं भुंकलं.
मग जरा थांबून,
येशील?

येते.